परदेशी लिलाव-ग्राहकाकडून वायर ट्रान्सफरने पैसे घेताना : आयबॅन, स्विफ्ट कोड आणि जादा रकमेचा प्रश्न

वैनगंगाकाठ (पवनी तालुका, जि. भंडारा) :

नमस्कार. आमच्या घरी तीन पिढ्यांपासून तांब्या-पितळेच्या मोडीचा व्यवसाय आहे. मोडीत आलेल्या वस्तूंपैकी ज्यांचे काम चांगले आहे असे अडकित्ते, पानाचे डबे आणि गडवे मी वितळवायला न पाठवता बाजूला ठेवतो. गेल्या दिवाळीपासून ते एका परदेशी लिलाव संकेतस्थळावर विकत आहे. आतापर्यंतचे पैसे त्या संकेतस्थळाच्याच व्यवस्थेतून आले. या वेळी मात्र दोन ग्राहक थेट बँकेतून, म्हणजे वायर ट्रान्सफरने, पैसे पाठवू म्हणतात. तशी परवानगी तिथल्या नियमांत आहे, हे मी वाचून घेतले आहे.

पहिला ग्राहक जर्मनीतला असून त्याने एक अडकित्ता २८० युरोंना घेतला आहे. तो माझा आयबॅन (युरोपात चालणारा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) मागतो. माझे एक खाते जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत आहे, जिथे धानाचे चुकारे जमा होतात, आणि दुसरे तालुक्याच्या गावी एका राष्ट्रीयीकृत बँकेत. या दुसऱ्या बँकेतल्या बाबूंनी आयबॅन हा शब्द ऐकून मान हलवली आणि "आमच्या शाखेला स्विफ्ट कोडच नाही" (म्हणजे परदेशी व्यवहारात बँक ओळखण्याचा कोड) असे सांगून मला परत पाठवले.

दुसऱ्याने एक गडवा ४५० डॉलरला घेतला. त्याने पैसे पाठवल्याचा जो कागद मला पाठवला आहे, त्यावर १३५० डॉलर लिहिले आहेत. चुकून जास्त गेले, तर वरचे ९०० डॉलर भारतातल्या त्याच्या वाहतूकदाराच्या खात्यात रुपयांत भरावेत आणि वस्तू त्याच्याकडे द्यावी, असे तो म्हणतो. आज चार दिवस झाले, माझ्या खात्यात एक पैसाही आलेला नाही. या दोघांशी कसे वागावे, हे जाणकारांनी सांगावे.

साकोलीकर :

गडवा घराबाहेर काढू नका आणि त्या वाहतूकदाराला एक रुपयाही देऊ नका. बाकीचे जाणकार सांगतीलच, पण हे आजच लक्षात घ्या.

निवृत्त परकीय चलन विभाग (अर्जुनी मोरगाव) :

मी नागपुरात एका बँकेच्या परकीय चलन विभागात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आयबॅन ही व्यवस्था भारतात नाही, त्यामुळे तो क्रमांक तुम्ही देऊच शकत नाही. युरोपातल्या देशांत आपापसात पैसे पाठवण्यासाठी सेपा नावाची व्यवस्था आहे आणि तिच्या अर्जात आयबॅन अनिवार्य असतो. तुमच्या ग्राहकाने बहुधा तोच अर्ज उघडला आहे. त्याला सेपाबाहेरच्या परदेशी हस्तांतरणाचा अर्ज घ्यायला सांगा. त्यात तुमचे खात्यावरचे नेमके नाव, खाते क्रमांक, पत्ता, बँकेचे नाव आणि स्विफ्ट कोड एवढे पुरते. आयएफएससी फक्त देशांतर्गत चालतो, हेही त्याला कळवा.

शाखेतल्या बाबूंनी सांगितले ते खरे आहे, पण अर्धवट आहे. स्विफ्ट कोड आठ किंवा अकरा चिन्हांचा असतो, आणि बँकेच्या सगळ्या शाखांना तो नसतो. परकीय चलनाचे काम करणाऱ्या ठरावीक शाखांनाच असतो. तुमच्या बँकेच्या नागपुरातल्या तशा शाखेचा कोड लेखी मागून घ्या. पैसे तिथे येतात आणि खाते क्रमांकावरून तुमच्या शाखेतल्या खात्यात जमा होतात. जिल्हा बँकेचे खाते मात्र या कामासाठी विसरा, ते धानापुरतेच राहू द्या. शक्य झाल्यास व्यवसायाच्या नावाने चालू खाते उघडा, कारण निर्यातीचे पैसे बचत खात्यात आले की बँक प्रश्न विचारते.

पैसे आल्यावर बँक तुम्हाला ते कशाचे आहेत हे विचारेल, आणि त्याप्रमाणे एक कोड लावला जाईल. माल पाठवण्याआधी आलेल्या आगाऊ रकमेचा कोड पी०१०३ आहे. ग्रामीण शाखांमध्ये परदेशातून येणारा पैसा म्हणजे आखातातल्या मुलाने घरखर्चाला पाठवलेला, अशी सवय असते आणि सरळ पी१३०१ लावून मोकळे होतात. तसे होऊ देऊ नका. कौटुंबिक मदत म्हणून नोंदलेली रक्कम पुढे निर्यातीच्या कागदांशी जुळत नाही, आणि ते निस्तरायला मग नागपूरच्या खेपा घालाव्या लागतात. पैसे जमा झाल्याचे प्रमाणपत्र, ज्याला एफआयआरसी म्हणतात, तेही मागून ठेवा.

आता दुसरा ग्राहक. त्याने पाठवलेला कागद एमटी१०३ या, पैसे पाठवताना एका बँकेकडून दुसऱ्या बँकेला जाणाऱ्या, संदेशाची प्रत म्हणून दाखवला जातो, आणि असा कागद कोणालाही घरबसल्या तयार करता येतो. खऱ्या संदेशाला त्या व्यवहाराचा माग काढता येईल असा, यूईटीआर नावाचा ३६ चिन्हांचा क्रमांक असतो. तो मागा आणि बँकेला त्यावरून शोध घ्यायला सांगा. समजा पैसे खरोखर आले, तरी वरची रक्कम तिसऱ्याच्या खात्यात भरायची नसते. ती परत करायची झाल्यास बँकेला लेखी कळवून, बँकेमार्फत, ज्या खात्यातून आली त्याच खात्यात जाते. एरवी वायर ट्रान्सफर विक्रेत्याला सोयीचे असते, कारण कार्डाच्या व्यवहाराप्रमाणे ग्राहकाला ते सहजासहजी फिरवता येत नाही. पण ते पैसे कोणाच्या तरी फोडलेल्या खात्यातले निघाले, तर ती बँक ते परत मागते आणि तुमचे खाते गोठू शकते. म्हणून पाठवणाऱ्याचे नाव आणि लिलाव जिंकणाऱ्याचे नाव एकच आहे ना, हे पाहणे वस्तू तपासण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

कोशाचे सूत (नागभीड) :

मी कोशाचे दुपट्टे परदेशी पाठवते. वरच्या उत्तराला माझ्या अनुभवाची थोडी जोड देते. माझ्या पहिल्या ग्राहकाने ३०० डॉलर पाठवले आणि मला २७८ मिळाले. मी ग्राहकावर चिडले, त्याला कडक पत्रही लिहिले, आणि नंतर कळले की बिचाऱ्याने पूर्ण पाठवले होते. वाटेतल्या मधल्या बँकेने आपला आकार कापून घेतला होता. अर्जात आकार कोणी भरायचा याचे तीन पर्याय असतात. ग्राहकाने "ओयूआर" निवडले तर सगळा आकार त्याच्याकडे, "बीईएन" म्हटले तर तुमच्याकडे, आणि "एसएचए" म्हटले तर वाटून. हे लिलाव संपताच पहिल्याच पत्रात ठरवून घ्यावे.

आयात-निर्यात कोड काढला नसेल तर आधी तो काढा. तो परकीय व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ५०० रुपयांत मिळतो, आणि पॅन क्रमांक हाच तो कोड असतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती अद्ययावत करावी लागते. पार्सलासाठी २०२२ च्या अखेरीपासून सुरू झालेली डाकघर निर्यात केंद्रे आमच्यासारख्यांना सोयीची आहेत. तिथल्या निर्यात पत्रकावर पडणारी नोंद आणि बँकेतली आगाऊ रक्कम यांची जुळणी झाली की तो व्यवहार बँकेच्या दृष्टीने पूर्ण होतो.

आणखी एक. कोणी वेस्टर्न युनियनने पाठवतो म्हणाला तर नको म्हणा. त्या प्रकारची सेवा भारतात व्यक्तिगत रकमांसाठीच आहे, व्यापाराच्या पैशांसाठी नाही.

जुना कागद :

पैशांचा विषय नीट झाला, पण वस्तूचे वय कोणी विचारलेच नाही. पुरावस्तू व कला संपदा कायदा, १९७२ प्रमाणे शंभर वर्षे जुनी कलात्मक वस्तू खाजगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. त्यासाठी किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. मोडीत आलेल्या गडव्यावर तारीख कोरलेली नसते, म्हणून शंका असेल तिथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे, आणि तेही पैसे स्वीकारण्याआधी. आगाऊ घेतले आणि माल अडला, की परतफेडीचा घोळ वेगळाच.

वैनगंगाकाठ :

सर्वांचे आभार. नागपूर शाखेचा कोड लेखी मिळाला. गडव्याच्या ग्राहकाला यूईटीआर मागितल्यावर त्याने आधी रागाचे आणि मग विनवणीचे पत्र पाठवले, त्यानंतर काहीच नाही. संकेतस्थळाकडे तक्रार केली आहे. अडकित्ता माझ्या आजोबांनी स्वतः १९५८ मध्ये घडवून घेतला होता आणि त्यावर साल कोरलेले आहे, त्यामुळे तिथे अडचण नसावी. शेवटची शंका : जर्मन ग्राहक विचारतो की युरो पाठवू, डॉलर पाठवू की रुपये?

निवृत्त परकीय चलन विभाग :

युरोच मागा. त्याने डॉलर केले तर एकदा तिकडे आणि एकदा इकडे, असे दोनदा चलन बदलले जाईल, आणि रुपये केले तर दर त्याच्या बँकेचा लागेल. तुमची बँक टीटी खरेदी दराने, म्हणजे परदेशातून खात्यात आलेले चलन ती ज्या दराने विकत घेते त्या दराने, रुपये करेल, जो मोबाइलवर दिसणाऱ्या दरापेक्षा कमी असतो, तेव्हा तो दर आधी विचारून घ्या. चलनबदलावर जीएसटीही लागतो, पण २८० युरोंवर तो पन्नास रुपयांच्या आसपास येईल. गडव्याच्या ग्राहकाचा त्या वाहतूकदारासाठी दिलेला खाते क्रमांक जपून ठेवा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. तुमचे पैसे गेले नसले, तरी ते खाते भारतातले आहे.