हॉटेल मॅनेजमेंटचा रिसर्च प्रोजेक्ट इंग्रजीत लिहायचाय, सुरुवात कुठनं करू?

राजारामपुरीकर:
नमस्कार मंडळी, बीएचएमसीटीच्या (हॉटेल मॅनेजमेंटच्या डिग्रीच्या) शेवटच्या वर्षाला आहे, कोल्हापुरातच. प्रॅक्टिकलचं टेन्शन नाही, किचन, सर्व्हिस, हाउसकीपिंग, फ्रंट ऑफिस सगळीकडं हात बसलाय, पण रिसर्च प्रोजेक्ट इंग्रजीतनं लिहायचा आणि माझी शाळा सगळी मराठी मीडियम. विषय घेतलाय 'कोल्हापूरचं पर्यटन आणि हॉटेल व्यवसाय'. पहिल्या चॅप्टरची सिमिलॅरिटी, म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर, ३८ टक्के आली, मॅडम म्हणाल्या परत लिही. शब्द बदलून बघतोय पण वाक्य तेच राहतंय. काय करू?

पेठेतला_शेफ:
भावा, तुझा विषयच लय मोठा आहे, म्हणून नेटवरचंच लिहावं लागतंय. बारीक कर. पुस्तकात हॉटेलचा धंदा वीकेंड आणि वीकडे असा वाटून दाखवतात, पण आपल्याकडं मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचे वार, वर नवरात्र, चैत्रात जोतिबाची यात्रा. मग मंदिराजवळच्या लॉजमध्ये मंगळवारी खोल्या जास्त जातात का, एवढाच प्रश्न घे. याचं उत्तर कुठनं कॉपी करणार, रजिस्टर बघूनच लिहावं लागतंय की! किचन आवडत असेल तर थाळीतला तांबडा-पांढरा घे. रस्सा परत परत वाढतात, मग एका थाळीमागं किती जातो आणि फूड कॉस्ट (कच्च्या मालाचा खर्च) कुठं जाते हे वजन करून मांड.

पन्हाळा_रोड:
मी कॉलेजात शिकवते. शब्द बदलणं म्हणजे पॅराफ्रेज, म्हणजे आपल्या भाषेत मांडणं, नव्हे. मूळ उतारा वाच, बंद कर, काय कळलं ते मराठीत लिही आणि मग त्याचं साधं इंग्रजी कर, छोटी वाक्यं चालतात. तरीही कल्पना दुसऱ्याची असेल तर संदर्भ द्यायचाच. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि योग्य श्रेय दिलेली अवतरणं, संदर्भसूची हे मोजणीतनं वगळतात. पण तुमच्या कॉलेजची मर्यादा वेगळी असू शकते, ती मॅडमना विचार. आणि मेथडॉलॉजी (अभ्यास कसा केला तो भाग) आधी लिही, प्रस्तावना सगळ्यात शेवटी. कुठले लॉज, कुठले महिने, काय मोजलं, हे तूच केलेलं असतंय त्यामुळं ते सरळ लिहिता येतं.

राजारामपुरीकर:
मॅडम, एआयकडनं लिहून घेतलं तर?

पन्हाळा_रोड:
व्याकरण तपासायला घे, कॉलेजची परवानगी असेल तर. पण संदर्भ त्याच्याकडनं घेऊ नकोस, नसलेले पेपरसुद्धा अगदी खरे वाटतील असे देतं. व्हायवात (तोंडी परीक्षेत) एक पेपर उघडून दाखव म्हटलं की संपलं.

नाइट_शिफ्ट:
फ्रंट ऑफिसला आहे. हे लिखाण नोकरीत लागतं राव, लॉगबुकात 'गेस्ट चिडला' लिहून भागत नाही, किती वाजता, कुठली खोली, काय म्हणाला, आपण काय केलं हे लिहावं लागतं. तुझ्या मेथडॉलॉजीत पण तेच चाललंय.

राजारामपुरीकर:
मंगळवारचा विषय फिक्स. पण लॉजवाले रजिस्टर दाखवतील का?

नाइट_शिफ्ट:
कॉलेजचं पत्र घेऊन जा, मालकालाच भेट, आणि दुपारी जा, सकाळी चेक-आउटची गडबड असते. रजिस्टर हातात मागू नको, तारीख आणि त्या दिवशी भरलेल्या खोल्या एवढंच त्यांच्याकडनं उतरवून घे. गेस्टची नावं, नंबर अजिबात नको. एकूण खोल्या किती तेही विचार, नाहीतर ऑक्युपन्सीची, म्हणजे भरलेल्या खोल्यांची, टक्केवारीच काढता येणार नाही.