फौजेत कॉम्प्युटरवाले: आपापले अनुभव लिहा

काल भाच्याचा फोन आला. अमरावतीत कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. "मामा, मले फौजेत जायचं हाय, पन कोडिंग नाही सोडायचं." ऐकलं अन् जबलपूरचे ट्रेनिंगचे दिवस आठवले. मी सिग्नल्सचा, म्हणजे फौजेच्या संपर्क यंत्रणा सांभाळणाऱ्या शाखेचा शिपाई. आर्वी तालुक्यातून भरती झालो तेव्हा कॉम्प्युटर फक्त बँकेच्या काचेआड पाहिला होता. की-बोर्डला हात लागला तो वर्दी चढवल्यावर. रेडिओ सेट, एक्सचेंज, मग नेटवर्क, सगळं फौजेनंच शिकवलं. आपल्याकडे आजही फौज म्हणजे पळणं अन् बंदूक. पोट्ट्यांना दुसरी बाजू कोणी सांगत नाही. ज्यांच्या घरचं कोणी या वाटेनं गेलं, लिहा.

पुलगावची सून:
दारूगोळ्याच्या डेपोमुळे आमच्याकडे वर्दी रोजची. दीर महूला एमसीटीईत शिकले, सिग्नल्सच्या अधिकाऱ्यांचं कॉलेज. सुट्टीवर आले की अख्ख्या गल्लीचे मोबाईल त्यांच्यापुढे. कुकर लागलाय, बाकी मग लिहिते.

दर्यापूरचा कास्तकार:
"तीव्र चौकस" हे तुमच्या सिग्नल्सचंच ब्रीद ना दादा? माह्या काकाच्या ट्रंकेवर लिहिलेलं होतं. 1911 ची कोर हाय म्हणत.

वणीकर:
मुलगी आयटीत बीई. एसएससी टेक्निकलचा फॉर्म भरला, म्हणजे इंजिनीअरांना ठरावीक वर्षांसाठी आर्मीत अधिकारी करतात ती भरती. लेखी परीक्षा नाही, इंजिनीअरिंगच्या मार्कांवरून एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडायच्या मुलाखतीला बोलावतात. केंद्र भोपाळ आलं. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग असतं: चित्र दाखवतात, गोष्ट लिहायची, मग गटात बोलायचं. फाडफाड इंग्रजीवाल्या पोरांत तिचा आवाजच निघाला नाही. त्याच दिवशी परत. स्टेशनवरून फोन केला, नुसती रडत होती. मग घरी रोज संध्याकाळी पेपरातली एक बातमी घ्यायची अन् आम्हा दोघांसमोर उभं राहून त्यावर बोलायचं, असं ठरवलं. तिची आई चौथीपर्यंत शिकलेली, पण प्रश्न तीच जास्त विचारायची. पुढच्या खेपेला पाचही दिवस राहिली. आता चेन्नईला ओटीएत, अधिकाऱ्यांच्या ट्रेनिंग अकॅडमीत आहे. आपल्या तालुक्यातल्या पोरींना कोडिंग येतं, चार लोकांत बोलायची सवय नसते. ती लावा.

पुलगावची सून:
काका, डोळ्यात पाणी आलं. ताईला आशीर्वाद.

तिवस्याची आई:
माह्या पोराचं अग्निवीर टेक्निकलमध्ये झालं. 1600 मीटर पळण्यात कोणाला ऐकत नव्हता. पण 2023 पासून आधी कॉम्प्युटरवर सीईई ही भरतीची परीक्षा अन् मग मैदान. माऊस धरायची सवय नाही, तर बाजारच्या दिवशी कॅफेत जाऊन सराव केला. आता 4 वर्षांनी 25 टक्क्यांपर्यंतच फौजेत कायम ठेवतात, त्याचाच घोर लागतो. रात्री झोप येत नाही.

धागाकर्ता:
ताई, जो कोर्स मिळेल तो करू द्या, सर्टिफिकेटं जपून ठेवायला सांगा. मी रिटायर झाल्यावर नेटवर्कच्याच कामानं घर चाललं. फौजेत शिकलेला हात रिकामा राहत नाही.

वायुसेनानगर, नागपूर:
एअर फोर्समध्ये अधिकारी व्हायला एएफकॅट ही परीक्षा द्यावी लागते. कॉम्प्युटरवाल्यांना टेक्निकल शाखेत इलेक्ट्रॉनिक्सकडे वाट आहे. 12वीवाल्यांनी आर्मीची टेस पाहावी, इंजिनीअरिंग शिकवून अधिकारी करतात ती भरती, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सला 60 टक्के अन् जेईई मेन दिलेली हवी. भाच्याला टीजीसीपण सांगा, इंजिनीअरांसाठी आर्मीत अधिकारी व्हायची आणखी एक वाट, ट्रेनिंग डेहराडूनला, आयएमए या आर्मीच्या अकॅडमीत. एक मात्र आधीच सांगून ठेवा. अधिकारी झाल्यावर दिवसभर स्क्रीनसमोर बसणं नसतं. हाताखालची माणसं, त्यांच्या सुट्ट्या, त्यांच्या घरच्या अडचणी, हे आधी. ज्याला फक्त कोड लिहायचाय त्यानं पुण्याची कंपनी धरावी, त्यात कमीपणा काहीच नाही. ज्याला दोन्ही आवडतं त्याच्यासाठी यापेक्षा चांगलं काम मला तरी दिसलं नाही.

दर्यापूरचा कास्तकार:
एसएसबीचं गाडीभाडं भेटते का? पोरीच्या मैत्रिणीसाठी विचारतो, घरची परिस्थिती नाही.

वणीकर:
भेटते. पहिल्या खेपेला थर्ड एसीचं जाणं-येणं. तिकीट फेकायचं नाही.

पुलगावची सून:
दादा, आर्वीत कुठलं गाव? माझं माहेर खरांगण्याचं.

धागाकर्ता:
मग तर शेजारीच! कापूस निघाला का सगळा?

पुलगावची सून:
नाही ना. बाबांनी यंदाही फरदड ठेवलीय, कपाशी न उपटता पुढचा कापूस घ्यायला.