जुन्या गिरणीत ताजी बिअर : मराठवाडेकरांनो, अनुभव लिहा

संभाजीनगरला बिअरची राजधानी म्हणतात ते वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांमुळं. ती बिअर बाटलीत भरून देशभर जाते. ब्रूपबचं गणित वेगळं. काचेआड टाक्या, पुढं टेबलं, आणि तिथंच आंबलेली बिअर तिथल्याच नळातून ग्लासात. महाराष्ट्रात याची सुरुवात 2009 साली पुण्यात ‘डूलाली’नं केली. नंतर गावोगावचे हौशी पुण्या-मुंबईला जाऊन चाखून यायला लागले.

यातले कितीतरी ब्रूपब जुन्या गिरण्यांत, गोदामांत, वर्कशॉपच्या शेडांत थाटलेत. त्यामागं कारणही आहे. हजार लिटरची टाकी भरली की टनाच्या वर जाते, ती पेलणारी जमीन लागते. छत उंच लागतं, पाणी वाहून जायला गटार लागतं. यंत्रांसाठी बांधलेल्या इमारतीत हे सगळं आयतं सापडतं.

तर आपल्यापैकी कुणी अशा ठिकाणी गेलं असेल तर लिहा. नुसतं ‘मजा आली’ नको. इमारत सांगा, चव सांगा, खटकलं तेही सांगा. ‘दारू वाईट’ हे सगळ्यांना मान्य आहे, त्याच्यासाठी वेगळा धागा काढा.

सेलू, सध्या ठाणे

आमचे आप्पा सेलूला जिनिंग-प्रेसिंगमध्ये इंजिनावर होते. ठाण्याला आले की दोन दिवसांत कंटाळतात. म्हणून मी आणि मेहुण्यानं त्यांना लोअर परळला एका जुन्या मिलच्या आवारातल्या ब्रूपबमध्ये नेलं. आप्पा पीत नाहीत. आत बिडाचे खांब, करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, वर उत्तरेकडून उजेड येणाऱ्या काचा. भिंतीलगत छताजवळ लांबच लांब लोखंडी शाफ्ट, त्याच्यावर पुल्या, सगळ्याला काळा रंग मारून चकचकीत केलेलं. खाली पिवळे दिवे.

आप्पा मेनूकार्ड बाजूला ठेवून वरच बघत बसले. वेटर पोरगा आला तर त्यालाच विचारलं, “ह्या जोडीतली लूज पुली कोणती, सांग बरं?” पोरगं गांगरलं. मग आप्पांनी टिश्यूवर काढून दाखवलं. एकच इंजिन अख्खा शाफ्ट फिरवतं, शाफ्टवरून चामड्याचा पट्टा खाली मशीनवर येतो. मशीनवर दोन पुल्या शेजारी-शेजारी. एक मशीनला घट्ट, दुसरी नुसती फिरणारी. मशीन थांबवायचं म्हणजे इंजिन बंद करायचं नाही, पट्टा दांड्यानं सरकवून मोकळ्या पुलीवर टाकायचा. “आमच्याकडं एकाचा सदरा पट्ट्यात गेला होता,” एवढं बोलून लिंबू सोडा प्यायले.

तो पोरगा पुन्हा पुन्हा आमच्याच टेबलाकडं यायला लागला. निघताना मॅनेजरलाही घेऊन आला. आप्पांनी त्याला ऐकवलं की वरची एक पुली उलटी बसवलीये. मॅनेजर म्हणाला, “काका, ती शोभेची आहे.” आप्पा बाहेर आल्यावर म्हणाले, “शोभेची असली म्हणून काय झालं?”

बिअरबद्दल: छोट्या ग्लासांचा ट्रे मागवा, चार-पाच प्रकार थोडे-थोडे चाखता येतात. मला गव्हाची आवडली. मेहुण्यानं काळी स्टाउट घेतली आणि कडू-कडू करत संपवली.

नांदेड

आमच्या उस्मानशाही मिलचं असं काही झालं असतं तर मी रोज गेलो असतो. पीत नसलो तरी.

केज, जि. बीड

वर सेलूकरांनी छान लिहिलंय, पण मला त्या आवारात बसवलं नाही. माझे चुलते परळला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. चुलते वर्षभर वाट बघून गावाकडं आले, ते पुढं ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम झाले. मिलचा विषय कधी काढायचे नाहीत.

जमिनीचं काय झालं तेही लोकांना माहीत असावं. 1991 च्या विकास नियमावलीतल्या 58 व्या नियमात गिरणीच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 च्या दुरुस्तीनं ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती राहिली. म्हणजे जिथं शेड उभी होती ती जमीन वाटणीतून बाहेर. सुप्रीम कोर्टानं 2006 मध्ये ते कायम ठेवलं. कंपनीच्या पार्टीला गेलो होतो, बिअर चांगलीच होती, नाही म्हणत नाही. पण भिंतीवर कामगारांचे काळे-पांढरे फोटो मोठे करून लावलेत आणि त्याखाली एकाचंही नाव नाही. ते डोक्यात गेलं.

उदगीर, सध्या डेन्व्हर (अमेरिका)

इथं ‘विनकूप’ नावाचा ब्रूपब आहे, युनियन स्टेशनच्या जवळ. इमारत 1899 ची, जे. एस. ब्राउन नावाच्या घाऊक व्यापाऱ्याचं गोदाम. आपल्या उदगीरच्या मोंढ्यातल्या अडत दुकानाला चार-पाच मजले चढवले तर कसं दिसेल, तसं. लाकडी तुळया, विटांच्या भिंती. 1988 ला जॉन हिकनलूपर आणि मित्रांनी तिथं ब्रूपब काढला. हा माणूस मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ, तेल कंपनीतली नोकरी गेलेला. त्या वेळी तो भाग ओसाड होता, गोदामं रिकामी, भाडं मातीमोल. पुढं तोच शहराचा महापौर झाला, मग राज्याचा गव्हर्नर, आता सिनेटर. आपल्याकडं परमिट रूमचा मालक पुढारी होतो त्यात नवल नाही, पण इथं लोक ते कौतुकानं सांगतात!

हिरव्या मिरचीची बिअर मिळते. आपण मिरचीवर वाढलेले म्हणून मोठ्या ऐटीत मागवली. तिखट नाही, भाजलेल्या मिरचीचा नुसता वास. ठीक.

अंबाजोगाई

मी माळकरी. मुलीनं पुण्यात “आई, चल, जेवायलाच जाऊ” म्हणून नेलं ते एका जुन्या वर्कशॉपमध्ये. छताला क्रेनचा रूळ तसाच, त्याला कुंड्या टांगलेल्या. मी तोंड पाडून बसले होते. तिथला बिअर करणारा मुलगा टेबलापाशी आला, लातूरकडचाच निघाला. “काय मावशी, हितं कुठं येऊलालाव?” म्हणाला! मग मला आत नेऊन वाटीत धने दाखवले. बेल्जियमच्या पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये धने आणि संत्र्याची साल घालतात म्हणे. मी हातावर घेऊन चोळले, जुने होते. सांगितलं त्याला, की हे वास गेलेले धने आहेत, मसाल्यालाही चालणार नाहीत. त्यानं मान्य केलं. जेवण बरं होतं, पिझ्झा जरा कडक.

वाळूज, बिअर कारखान्यात नोकरी

थोडं तांत्रिक. लोक विचारतात, ब्रूपबची बिअर गढूळ का? कारण ती बहुतेक वेळा गाळत नाहीत, यीस्ट तसंच राहतं. आमच्याकडं गाळून, पाश्चराइज करून बाटलीत भरतात, म्हणून ती महिनोन् महिने टिकते. मूळ प्रक्रिया दोन्हीकडं तीच. जवाचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला जव, भरडायचा, साधारण 65 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचा, म्हणजे स्टार्चची साखर होते. गोड पाणी काढून हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) घालून उकळायचं, थंड करायचं, यीस्ट टाकायचं. बिअरचे मुख्य प्रकार दोन, एल आणि लागर. एल असेल तर वीस अंशांच्या आसपास, लागर दहा-बारावर आणि जास्त दिवस. जर्मन गव्हाच्या बिअरला केळ्याचा वास येतो तो यीस्टमुळं, केळं कुणी घालत नाही.

जुन्या शेडमध्ये अडचण उन्हाळ्याची. पत्र्याखाली एप्रिलमध्ये टाकी थंड ठेवायला चिलर जिवाच्या आकांतानं चालतो. आणि दुसरी पाण्याची. एक लिटर बिअरमागं चार-पाच लिटर पाणी सहज जातं, बहुतेक धुण्यातच.

लातूर

पाण्याचं निघालंच आहे तर. एप्रिल 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाच लाख लिटर पाणी आमच्याकडं आलं तेव्हा मी स्टेशनवर बघायला गेलो होतो. त्याच उन्हाळ्यात औरंगाबाद खंडपीठानं बिअर-दारू कारखान्यांचं पाणी निम्म्याहून जास्त कापायला सांगितलं. त्यामुळं ब्रूपबमध्ये गेलो की माझा पहिला प्रश्न, पाणी कुठलं? उत्तर बहुतेकदा ‘टँकरचं’.

जालना

सगळे तुळया आणि खांब बघूलाले, जरा दारंही बघा. कमला मिलच्या आवारात 29 डिसेंबर 2017 च्या आगीत 14 जण गेले. तो ब्रूपब नव्हता, गच्चीवरचं रेस्टॉरंट होतं, पण आवार असंच. जुन्या इमारतीला नवा माळा आणि लाकडी सजावट केली की बाहेर पडायची वाट बोळाएवढी उरते. मी बसायच्या आधी दुसरा जिना कुठं आहे ते विचारतो. पोरं हसतात, हसू द्या.

गंगापूर

मी बिअर पीत नाही, माझ्या म्हशी तिचा चोथा खातात. कारखान्यातून उरलेला जव ट्रॉलीनं येतो. ओला असतो, चारातले तीन भाग पाणीच. प्रथिनं भरपूर, दुधाला चांगला. पुण्याच्या ब्रूपबवाल्या भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, आम्ही यातला थोडा पावात घालतो, बाकीचा गोठ्यावर देतो. कुणाला घ्यायचा असेल तर एक सांगतो: उन्हाळ्यात दोन दिवसांच्या वर ठेवू नका, आंबून बुरशी धरते. एकदम जास्त घालू नका, आधी पेंडीत थोडा मिसळून सवय लावा. आणि गाभण म्हशीला देण्याआधी डॉक्टरला विचारा.