अठ्ठेचाळीस मुलांच्या नोंदी आणि दोन आघात: आल्फ्रेड नुडसन यांच्याविषयी एक शंका

चौकस (प्रश्न)
आमच्या एम.एस्सी.च्या पाठ्यपुस्तकात आल्फ्रेड नुडसन यांचा 'दोन आघातांचा सिद्धांत', म्हणजे एकाच पेशीत दोन जनुकीय बिघाड (आघात) झाले तरच कर्करोग सुरू होतो हा विचार, एका परिच्छेदात उरकला आहे. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांच्या दृष्टिपटलाचा कर्करोग, झालेल्या ४८ रुग्णांच्या नोंदी तपासून नुडसन यांनी १९७१ साली हा सिद्धांत मांडला, एवढेच त्यात लिहिले आहे. या रोगाचे जनुक तेव्हा कोणी पाहिलेही नव्हते. मग केवळ मुलांच्या वयावरून एवढे मोठे अनुमान कसे काढता आले? आणि ४८ हा आकडा फारच तोकडा नाही का?

आकडेमोडे
आकडा तोकडा आहे खरा. पण पंधरा-वीस हजार जन्मांमागे एखाद्याच बाळाला होणाऱ्या रोगाच्या बाबतीत एका रुग्णालयाकडे एवढ्या नोंदी असणे हेच पुष्कळ झाले. नुडसन तेव्हा ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयात होते. बालरोगतज्ज्ञ असूनही त्यांनी जनुकशास्त्रात पीएच.डी. केली होती, आणि या प्रश्नाला नेमकी हीच जोड हवी होती.

रोग दोन्ही डोळ्यांत झालेली मुले आणि एकाच डोळ्यात झालेली मुले असे दोन गट त्यांनी केले. आडव्या अक्षावर निदानाच्या वेळचे वय घेतले आणि उभ्या अक्षावर, लॉगरिदमच्या मापाने, त्या वयापर्यंत निदान न झालेल्या मुलांचे प्रमाण मांडले. दोन्ही डोळ्यांच्या गटाची रेघ जवळजवळ सरळ आली. याचा अर्थ असा की दर महिन्याला उरलेल्यांपैकी ठरावीक हिस्सा आजारी पडत होता, आणि एकाच आकस्मिक घटनेची वाट पाहायची असेल तेव्हाच असे घडते. एका डोळ्याच्या गटाची रेघ मात्र आधी रेंगाळून मग खाली वळली, कारण तिथे एका घटनेनंतर दुसरीही त्याच पेशीत घडावी लागत होती. पहिल्या गटातील मुलांनी एक आघात जन्मतःच सोबत आणलेला होता. मला विचाराल तर सबंध निबंधाचा जीव या दोन रेघांत आहे.

दोष घेऊन जन्मलेल्या मुलाला सरासरी तीन गाठी होतात, असाही हिशेब त्यांनी मांडला. सरासरी तीन असेल तर पॉयसाँच्या सूत्राप्रमाणे (योगायोगाने घडणाऱ्या घटना किती वेळा घडतील हे सरासरीवरून सांगणारे सूत्र) शंभरातील सुमारे पाच जणांना एकही गाठ होत नाही. मधली एखादी पिढी कोरडी कशी जाते, याचा उलगडा त्यातून होतो.

तेरावे गुणसूत्र
एक दुरुस्ती सुचवतो. हे दोन आघात एकाच जनुकाच्या दोन प्रतींवर होतात, असे पाठ्यपुस्तके सर्रास १९७१च्या निबंधाच्या नावावर खपवतात. पण त्यात ते इतके स्पष्ट म्हटलेले नाही. ती मांडणी डेव्हिड कमिंग्ज यांनी १९७३ साली केली. वेब्स्टर कॅव्हेनी आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली गाठींच्या पेशींत, हे जनुक ज्यावर असते त्या तेराव्या गुणसूत्राची निरोगी प्रत नाहीशी झाल्याचे दाखवले, आणि १९८६ साली ते जनुक हाती लागले. कर्करोग घडवून आणणाऱ्या जनुकांच्याच शोधात बहुतेक प्रयोगशाळा गुंतलेल्या असताना, पेशींच्या वाढीवर अंकुश ठेवणारे जनुक गमावल्यानेही कर्करोग होतो, हे या साखळीमुळे पक्के झाले. मूत्रपिंडाच्या विल्म्स गाठीबाबत नुडसन यांनी लुईस स्ट्राँग यांच्यासह १९७२ सालीच असाच विचार मांडला होता. वैद्यकीय संशोधनासाठीचा मानाचा लास्कर पुरस्कार नुडसन यांना १९९८ साली मिळाला, म्हणजे बराच उशिरा.

नेत्रवैद्य
दवाखान्यात या सिद्धांताचा रोजच्या रोज उपयोग होतो, म्हणून लिहिते. मध्यंतरी एक आई मोबाइलवरचा बारशाचा फोटो घेऊन आली. बाळाची एक बाहुली फ्लॅशने लाल दिसत होती आणि दुसरी मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमकत होती. तपासणीत गाठच निघाली. अशा वेळी मोठ्या भावंडाला धोका आहे का, हा आईबापांचा पहिला प्रश्न असतो. रुग्ण मुलातील दोष नेमका सापडला आणि भावंडात तो नसल्याचे रक्ततपासणीत दिसले, तर त्या भावंडाला वरचेवर भूल देऊन डोळे तपासण्याची गरज उरत नाही. दोष जन्मजात असेल तर मात्र पुढे हाडांच्या कर्करोगाकडेही लक्ष ठेवावे लागते, आणि बाहेरून दिलेल्या किरणोपचाराने तो धोका वाढत असल्यामुळे ते शक्यतो टाळतात.

चौकस
सर्वांचे आभार. एकच शंका उरली: मग एका डोळ्यातील रोग आनुवंशिक नसतोच, असे समजावे का?

आकडेमोडे
नाही. तीनच्याच सरासरीने हिशेब केला, तर दोष घेऊन जन्मलेल्या सुमारे १५ टक्के मुलांना एकच गाठ होईल, आणि ती अर्थातच एकाच डोळ्यात असेल. शिवाय दोन किंवा तीन गाठी योगायोगाने एकाच डोळ्यात आलेली मुले वेगळीच. म्हणून एका डोळ्याच्या रुग्णांचीही जनुकीय तपासणी करतात.