मदत हवी आहे: तिघांच्या पायांवर सारखीच सूज, मग आजाराची वाट वेगळी कशी?

नमस्कार. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. पॅथोफिजिऑलॉजीमधील (आजारात शरीराचे कार्य कसे बिघडते याच्या अभ्यासातील) लक्षणे मला पाठ होतात आणि परीक्षेत लिहिताही येतात, परंतु आजार एका पायरीवरून पुढच्या पायरीवर कसा गेला असे कोणी विचारले की मी अडखळते. गेल्या आठवड्यात वॉर्डमध्ये हे फार तीव्रतेने जाणवले, म्हणून सविस्तर विचारत आहे.

त्या दिवशी माझ्याकडे तीन रुग्ण होते. एकाला हार्ट फेल्युअर (हृदय दुबळे होणे), दुसऱ्याला नेफ्रोटिक सिंड्रोम (मूत्रपिंडातून प्रथिने गळणे) आणि तिसऱ्याला लिव्हर सिरोसिस (यकृतात व्रणऊती तयार होणे). तिघांच्याही घोट्याच्या वर अंगठा काही सेकंद दाबून धरला की खळगा पडत होता आणि अंगठा काढल्यावरही तो बराच वेळ तसाच राहत होता. मी तिघांच्याही नोंदीत ‘दोन्ही पायांवर सूज’ असे लिहिले. ती नोंद वाचून सिस्टरांनी एवढेच विचारले, “पाणी रक्तवाहिनीतून बाहेर का आले, हे तिघांच्या बाबतीत वेगवेगळे सांगता येईल का?” मला सांगता आले नाही.

त्यानंतर वाचून जे समजले ते असे आहे. केशवाहिनीतील, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिनीतील, रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो, तर रक्तातील प्रथिने, मुख्यतः अल्ब्युमिन, ते आत ओढून धरतात. हा तोल अर्न्स्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये मांडला. धमनीकडच्या टोकाला दाब साधारण ३५ मिलिमीटर पारा असतो, शिरेकडच्या टोकाला तो साधारण १५ पर्यंत उतरतो आणि प्रथिनांची ओढ २५ च्या आसपास असते, असे पाठ्यपुस्तकात दिले आहे. बाहेर उरलेले पाणी लसीकावाहिन्या परत नेतात. इथपर्यंत मला पटते.

माझे अडते ते पुढे. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाच्या शरीरात आधीच जास्त पाणी साठलेले असताना मूत्रपिंडे ते बाहेर टाकण्याऐवजी आणखी का धरून ठेवतात? आणि उरलेल्या दोघांमध्ये अल्ब्युमिन कमी होते हे एकच कारण असेल, तर एकाचा चेहरा सकाळी सुजलेला आणि दुसऱ्याचे पोट फुगलेले का दिसते? कृपया उत्तरासोबत त्यामागचा क्रमही सांगावा.

प्रतिसाद १

मी अनेक वर्षे मेडिसिन वॉर्डमध्ये काम केले असून आता शिकवते. तुमचा पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तो सुटला की उरलेले बरेचसे आपोआप उलगडते.

शरीरात एकूण पाणी किती आहे हे मूत्रपिंडाला मोजता येत नाही. आपल्यापर्यंत रक्ताचा ओघ किती पोहोचतो आणि त्याला दाब किती आहे, एवढेच त्याला कळते. हृदय दुबळे झाले की हा ओघ कमी होतो आणि मूत्रपिंडाच्या दृष्टीने ही स्थिती मोठ्या रक्तस्रावासारखीच असते. त्यामुळे ते रेनिन नावाचे रसायन रक्तात सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन १ आणि पुढे अँजिओटेन्सिन २ तयार होते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडते, सोडियम रोखला जातो आणि त्याच्यामागोमाग पाणीही. जखमेतून रक्त वाहून गेलेल्या माणसाचा जीव हीच यंत्रणा वाचवते. येथे मात्र दमलेल्या हृदयापुढे जास्त रक्त येऊन उभे राहते, शिवाय ते आकुंचलेल्या वाहिन्यांमध्ये ढकलावे लागते. रक्त मागे तुंबते, शिरांमधील दाब वाढतो आणि शिरेकडच्या टोकाला जे पाणी आत यायला हवे होते ते बाहेरच राहते. औषधांचा तक्ता या दृष्टीने पुन्हा वाचा: एनालाप्रिल अँजिओटेन्सिन २ तयार होण्यात अडथळा आणते, स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनला रोखते आणि फ्युरोसेमाइड साठलेले सोडियम व पाणी लघवीवाटे बाहेर काढते.

नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये मूत्रपिंडाची गाळणीच सच्छिद्र झालेली असते. प्रौढ रुग्णात दिवसाला ३.५ ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिने लघवीतून जातात, म्हणून लघवीला फेस येतो आणि रक्तातील अल्ब्युमिन उतरते. तरीही सगळा दोष अल्ब्युमिनवर टाकू नका, कारण आजारी मूत्रपिंड स्वतःही सोडियम धरून ठेवते. डोळ्यांभोवतीची ऊती सैल असते आणि हा रुग्ण रात्री सपाट झोपू शकतो, त्यामुळे सकाळी चेहरा सुजलेला दिसतो आणि दिवसभरात पाणी पायांकडे उतरते. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला आडवे झाले की पायांतील रक्त छातीकडे परतून दम लागतो. तो उशांना टेकून बसून रात्र काढतो, म्हणून त्याची सूज बहुधा पायांतच राहते. “रात्री किती उशा घेता?” हा प्रश्न आपण याचसाठी विचारतो.

सिरोसिसमध्ये यकृतात व्रणऊती तयार होऊन आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताची वाट अडते, यकृतद्वार शिरेतील दाब वाढतो आणि म्हणून पाणी आधी पोटात साठते. यकृत अल्ब्युमिनही कमी बनवते. त्यातच आतड्यांकडील धमन्या प्रसरण पावल्यामुळे मूत्रपिंडाला पुन्हा तोच, रक्त कमी पडत असल्याचा, चुकीचा संदेश जातो आणि अल्डोस्टेरॉन वाढते. नेफ्रोटिक आणि सिरोसिस यांत अल्ब्युमिन दोन्हीकडे कमी असते, पण एकात ते गळून जाते आणि दुसऱ्यात मुळात कमी तयार होते.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. मूत्रपिंड पाणी मोजत नाही, ओघ मोजते, हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे. एक शंका राहिली. हार्ट फेल्युअरचा रुग्ण अंथरुणाला खिळलेला असेल आणि पायांवर खळगा पडत नसेल, तर पाणी साठलेले नाही असे मानावे का?

प्रतिसाद २

तसे मानू नये. पाणी गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने उतरते, त्यामुळे पडून असलेल्या रुग्णात ते कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वरच्या भागात सापडते. कूस बदलताना तेथे दाबून पाहावे. शिवाय सूज डोळ्यांना दिसण्याआधीच शरीरात काही लिटर पाणी साठलेले असू शकते. म्हणून रोजचे वजन अधिक विश्वासाचे: सकाळी लघवी झाल्यावर, न्याहारीपूर्वी, तेवढ्याच कपड्यांत आणि त्याच काट्यावर. एका दिवसात १ किलो वजन वाढले, तर ते साधारण १ लिटर पाणी समजावे, कारण एवढी चरबी एका दिवसात वाढत नाही.

आणखी एक. सूज एकाच पायावर असेल, पोटरी दुखत असेल आणि गरम लागत असेल, तर वरील तिन्ही वाटा बाजूला ठेवून खोल शिरेतील रक्ताच्या गुठळीचा विचार आधी करावा. तो पाय चोळू नये आणि डॉक्टरांना लगेच कळवावे.