शब्दचर्चा : ‘मिक्सन’ म्हणजे उकिरडा की खताचा ढीग?

भाषांतरवही

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या ग्रामीण वर्णनांत ‘मिक्सन’ हा शब्द वारंवार येतो. गोठ्यासमोरचे आवार, मधोमध मिक्सन, त्यावर कोंबड्या, असे चित्र असते. शब्दकोशात ‘शेणाचा ढीग, उकिरडा’ एवढाच अर्थ मिळतो. भाषांतर करताना माझे प्रश्न तीन.

ढिगासाठीचे ‘मिक्सन’, ‘मिडन’ आणि ‘डंगहिल’ हे इंग्रजी शब्द एकच आहेत का? या शब्दाचा ‘मिक्स’ करण्याशी काही संबंध आहे का, म्हणजे शेण-पेंढा मिसळलेला म्हणून मिक्सन? आणि मराठीत ‘उकिरडा’ लिहिले तर चालेल का? उकिरडा म्हटले की वाचकाला घाण, टाकाऊपणा जाणवतो. मूळ वर्णनात तसा सूर दिसत नाही.

धातुपाठ

‘मिक्स’चा काहीही संबंध नाही. मिसळणे या अर्थाचा शब्द लॅटिनमधून आलेला आहे. मिक्सन त्याच्या आधीपासून इंग्रजीत आहे. जुन्या इंग्रजीत शेणाला ‘मेओक्स’ म्हणत आणि ढिगाला ‘मिक्सेन’. दहाव्या शतकाच्या शेवटाकडील पश्चिम सॅक्सन शुभवर्तमानात (बायबलमधल्या शुभवर्तमानांच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात), लूकच्या १४व्या अध्यायात, खारटपणा गेलेले मीठ ना जमिनीच्या कामाचे ना ढिगाच्या, असे वचन आहे. तिथे ढिगासाठी हाच शब्द आहे. १६११च्या इंग्रजी बायबलात त्या जागी ‘डंगहिल’ आले. या वचनातच ढिगाची किंमत कळते : ढिगावर टाकायच्याही लायकीचे नाही, म्हणजे ढिगावर पडणे ही तळाची पायरी नव्हे, तिच्याखालीही एक पायरी आहे.

‘मेओक्स’चे मूळ आपल्या ओळखीचे आहे. संस्कृतातला ‘मिह्’ धातू, मेहति म्हणजे मूत्रविसर्जन करतो. त्यावरूनच मेह, प्रमेह, मधुमेह. लॅटिनमधले ‘मिंगेरे’ आणि जर्मनमधले ‘मिस्ट’ म्हणजे शेणखत, हीही त्याच कुळातली. जर्मन ‘मिस्ट’ आणि इंग्रजी ‘मिस्ट’ म्हणजे धुके यांत घोटाळा करू नये. धुक्याचा शब्द ‘मेघ’च्या बाजूचा, आणि त्याचा धातू वेगळा मानला जातो.

‘मिडन’ मात्र मिक्सनचा भाऊ नाही, दिसायला कितीही सारखा असला तरी. तो स्कँडिनेव्हियन वसाहतींबरोबर उत्तर इंग्लंडात आणि स्कॉटलंडात रुजला. डॅनिशमध्ये ‘म्योडिंग’, म्हणजे शेण या अर्थाचा ‘म्योग’ आणि ढीग या अर्थाचा ‘ड्युंगे’ यांचा जोडशब्द. इंग्रजी ‘मक’ या ‘म्योग’च्या नात्यातला आहे. म्हणून ढोबळ नकाशा असा : उत्तरेकडचे पात्र ‘मिडन’ म्हणते, वायव्य इंग्लंडातल्या चेशायरपासून खाली पश्चिम आणि दक्षिण परगण्यांतले पात्र ‘मिक्सन’. बोलीचा हा भेद लेखक जाणून वापरतात, तेव्हा भाषांतरात पात्राचा मुलूख डोक्यात ठेवावा.

काळी माती

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी ती वस्तू काय होती हे पाहायला हवे. मिक्सन हा फेकलेल्या कचऱ्याचा ढीग नाही, रचलेला ढीग आहे.

गुरे हिवाळाभर आवारात बांधलेली, त्यांच्याखाली गव्हाचा पेंढा अंथरलेला. पेंढ्याचे मुख्य काम मूत्र धरून ठेवणे. गाईच्या उत्सर्गातले जवळजवळ निम्मे नत्र (नायट्रोजन) आणि बहुतांश पालाश (पोटॅशियम) मूत्रात असते. स्फुरद (फॉस्फरस) मात्र शेणात. म्हणजे मूत्र वाहून गेले तर ढीग तेवढाच मोठा दिसतो, पण त्यातला जीव गेलेला असतो. म्हणून जाणता शेतकरी ढिगाखाली आधी मातीचा किंवा चुनखडीयुक्त मातीचा थर घालत असे. तो झिरपणारा रस शोषतो, आणि शेवटी तोही खतात मिसळून शेतात जातो.

वरचे रचणेही हिशेबाचे. नॉरफोक भागात भरलेल्या गाड्या ढिगावरूनच हाकत नेत, म्हणजे ढीग दाबला जाई. दाबला की हवा कमी, हवा कमी की कुजणे सावकाश. लवकर कुजवायचे असेल तर ढीग सैल ठेवून फावड्या-काट्याने पलटायचा. कुजण्यासाठी कर्ब (कार्बन) आणि नत्र यांचे प्रमाण सुमारे २५ ते ३० ला १ आणि ओलावा ५० ते ६० टक्के लागतो. गव्हाच्या काडाचे प्रमाण ८० ला १च्या आसपास असते, म्हणून काड जास्त झाले तर ढीग थंडच राहतो. उलट घोड्याची लीद जास्त आणि ओल कमी झाली तर ढीग आतून ६०-७० अंशांपर्यंत तापतो, कोरडा पडतो आणि त्यात पांढरट बुरशी धरते. इंग्लिश शेतकरी याला ‘फायरफँग’ म्हणत. ते खत हलके, भुसभुशीत दिसते आणि फसवते, कारण नत्र अमोनिया होऊन उडालेले असते. उपाय म्हणजे पाणी मारून ढीग दाबणे आणि वरून मातीचा थर देणे. मातीचा थर दोन कामे करतो : अमोनिया अडवतो आणि पाऊस आत मुरू देत नाही.

म्हणून एखाद्या वर्णनात थंड सकाळी मिक्सनमधून वाफ निघताना दाखवली असेल तर ती घाणीची खूण नाही. ढीग नीट चालू आहे, एवढेच ती सांगते.

भाषांतरवही

हे फार उपयोगी पडले. मग ‘खताचा खड्डा’ लिहावे का? आपल्याकडे शेणखत खड्ड्यातच करतात.

काळी माती

नको, तिथेच चित्र बिघडेल. मिक्सन जमिनीच्या वर असतो. इंग्लंडात हवा थंड, पाऊस वर्षभर थोडाथोडा, जमिनीत ओल. खड्डा केला तर त्यात पाणी साचून सगळे आंबेल. आपल्या पठारावर उलट अडचण : ऊन आणि वारा ढीग सुकवतात. म्हणून आपली शिफारस चराची. ६ ते ७.५ मीटर लांब, दीड ते दोन मीटर रुंद, एक मीटर खोल. एका टोकापासून भरत जायचे, जमिनीच्या वर ४५ ते ६० सेंटिमीटर आले की माथा घुमटासारखा करून शेणकाल्याने लिंपायचा आणि पुढचा भाग भरायला घ्यायचा. चार-पाच महिन्यांत खत तयार होते. अतिपावसाच्या भागात मात्र खड्डा तुंबतो, तिथे आपल्याकडेही जमिनीवरचा ढीगच बरा.

इंग्लिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला खत करण्याची जी पद्धत बसवली, तिच्यातही कोरड्या दिवसांत उथळ खड्डे आणि पावसाळ्यात जमिनीवरचे ढीग, असा बदल होता. मिक्सनच्या मुलखात वाढलेला माणूस माळव्यात येऊन खड्डा खणतो, यावरून हवामान किती बोलते ते समजते.

धातुपाठ

आता ‘उकिरडा’. या शब्दावर थोडा अन्याय होतो आहे. मूळ संस्कृत ‘उत्कर’ : उकरून, उचलून टाकलेल्या मातीची जागा. यज्ञभूमीवर वेदी तयार करताना निघालेली माती आणि झाडलेले टाकायला उत्कर नावाची ठरलेली जागा असे. मराठवाड्यात ‘उकंडा’ ऐकू येतो. कोकणात शेणाच्या साठ्याला ‘गायरी’ म्हणतात, आणि तिथे घाणीची छटा अगदी कमी, खताची जास्त.

‘बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात’ ही म्हण पाहा. उकिरडा दीनवाणा मानला आहे, पण त्याचे दैव उघडण्याची शक्यता गृहीत आहे, कारण शेतकऱ्याला माहीत आहे की हाच ढीग एक दिवस शेतात जाणार. ‘उकिरडे फुंकणे’ यात मात्र सगळा हिणवणारा भाग आला. शहरी वाचकाच्या कानात दुसरा अर्थ जास्त पक्का आहे. म्हणून वर्णनात ‘शेणखताचा ढीग’, आणि संवादात गावाकडचे पात्र बोलत असेल तर ‘उकिरडा’, असे मी करीन. एकाच पुस्तकात दोन्ही वापरायला हरकत नाही.

म्हणीचा मुद्दा निघालाच आहे तर चेशायरची एक म्हण सांगायलाच हवी, कारण मिक्सन शब्द बहुतेकांना तिच्यातूनच भेटतो. आशय असा : माळापलीकडे सोयरीक करण्यापेक्षा मिक्सनपलीकडे केलेली बरी. इंग्लिश लेखक टॉमस फुलर यांच्या १६६२ साली छापलेल्या ग्रंथात ती नोंदलेली आहे. त्यांनी अर्थही दिला आहे : मिक्सन म्हणजे चांगल्या शेतकऱ्याच्या आवारात असणारा खताचा ढीग, म्हणून ‘मिक्सनपलीकडे’ म्हणजे अगदी जवळ, शेजारात. आणि ‘माळ’ म्हणजे चेशायरहून लंडनकडे जाताना लागणारा स्टॅफर्डशायरचा ओसाड डोंगराळ भाग. म्हणजे लंडनच्या बाजूची सोयरीक नको, आपल्याच परगण्यातली बघा. ‘चांगल्या शेतकऱ्याच्या आवारात’ हे त्यांचे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. ढीग असणे हे तिथे घरच्या नीटनेटकेपणाचे लक्षण आहे. या म्हणीत ‘उकिरडा’ घातला तर मराठी वाचकाला वाटेल की शेजारच्या घरावर टीका आहे. ‘परसापलीकडची सोयरीक’ केले तर अर्थ सुरक्षित राहतो, खत मात्र जाते. मला तरी ‘गायरीपलीकडची सोयरीक बरी, माळापलीकडची नको’ हे आवडेल, पुस्तकाची भाषा कोकणी वळणाची असेल तर.

भाषांतरवही

‘डंगहिल’ राहिले. तोही शेतकऱ्याचा ढीगच ना?

धातुपाठ

वस्तू तीच, पण शब्दाला शिवीचे वजन चढले. अठराव्या शतकात कोंबड्यांच्या झुंजीत जातिवंत झुंजार नसलेल्या प्रत्येक कोंबड्याला ‘डंगहिल’ म्हणत, आणि त्यावरून भित्र्या माणसालाही. १७८५च्या एका बोलभाषा-कोशात हा अर्थ स्पष्ट दिलेला आहे. म्हणून पात्र दुसऱ्याला डंगहिल म्हणत असेल तर ढीग विसरा, ‘भेकड’ लिहा.

शहरात अर्थ आणखी बदलतो. १५५२ साली स्ट्रॅटफर्डमध्ये हेन्ली स्ट्रीटवर ढीग घातल्याबद्दल जॉन शेक्सपिअर, म्हणजे नाटककाराचे वडील, यांना आणखी दोघांबरोबर दंड झाला. दस्तऐवजात त्या ढिगाला लॅटिनमधून ‘स्टर्क्विनारियम’ म्हटले आहे. ढीग बाळगणे हा गुन्हा नव्हता, रस्त्यात घालणे हा होता. अशा ठिकाणी ‘उकिरडा’ अगदी चपखल बसतो. लंडनच्या सार्वजनिक ढिगांना ‘लेस्टॉल’ म्हणत. क्लार्कनवेल भागात त्या नावाचा रस्ता आजही आहे.

उत्खनन

‘मिडन’चा एक अर्थ अजून कुणी सांगितला नाही, आणि आज तोच जास्त छापला जातो. पुरातत्त्वात मिडन म्हणजे जुन्या वस्तीचा साठलेला कचरा : शिंपले, हाडे, राख, फुटकी भांडी. १८४८ साली डेन्मार्कमध्ये भूगर्भशास्त्रज्ञ, प्राणिशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ यांची एक समिती किनाऱ्यावरचे शिंपल्यांचे ढीग तपासायला बसली. हे ढीग समुद्राने रचले की माणसाने, हा प्रश्न होता. माणसाच्या जेवणाचे अवशेष म्हणून त्यांना ‘स्वयंपाकघराचा ढीग’ अशा अर्थाचे डॅनिश नाव पडले आणि ते शब्दशः इंग्रजीत गेले. एर्टेबोले इथला ढीग सुमारे १४० मीटर लांब आहे. इथे मराठीत ‘शिंपल्यांचा ढिगारा’ किंवा ‘वस्तीचा कचरा-थर’ लिहावे. ‘शेणखत’ लिहिले तर साफ चूक, कारण त्यात शेण नाहीच.

मात्र सगळे मिडन शिंपल्यांचे नसतात. विल्टशायरमधल्या ईस्ट चिझनबरीचा ढीग कांस्ययुगाच्या अखेरीचा आणि लोहयुगाच्या सुरुवातीचा. त्याचा व्यास सुमारे २०० मीटर, आणि त्यात शेण-लेंडी भरपूर. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरच्या स्कारा ब्रे या नवाश्मयुगीन वस्तीत घरेच जुन्या मिडनमध्ये खोचून बांधलेली आहेत. भिंतींना आधार आणि थंडीपासून आडोसा, दोन्ही त्यातून मिळाले. दख्खनच्या दक्षिण भागात, कर्नाटकातल्या बुदिहाळला किंवा तेलंगणातल्या उटनूरला, नवाश्मयुगीन ‘राखेचे ढिगारे’ सापडतात. गोठ्यातले शेण साठवून पुन्हा पुन्हा जाळल्याने ते झाले. त्यांना मिडन म्हणू नये. त्यांची जळण्याची प्रक्रिया हेच त्यांचे वेगळेपण आहे.

प्राणिशास्त्रातही मिडन आहे. गेंडे ठरलेल्या जागी विष्ठा टाकून जो ढीग करतात तो मिडन. उत्तर अमेरिकेतला पॅकरॅट नावाचा उंदीर काड्या-बिया गोळा करतो आणि त्यावर मुततो. मूत्र वाळून काचेसारखे घट्ट होते, आणि कोरड्या गुहेत त्या बिया ४०,००० वर्षांहूनही जास्त टिकतात. मिडन हे नाव इथे ढिगामुळे पडले, पण ‘मिह्’ धातूला शोभेल असे काम हाच उंदीर करतो.

भाषांतरवही

शेवटचे एक. ‘लाँग डंग’ आणि ‘शॉर्ट डंग’ असे शब्द मिक्सनच्या आसपास येतात. लांबट शेण, आखूड शेण?

काळी माती

लांबी पेंढ्याची. ‘लाँग’ म्हणजे ताजे, काड्या अजून लांब दिसतात असे खत. ‘शॉर्ट’ म्हणजे मुरलेले, काडी तुटून काळसर झालेले. मराठीत ‘कच्चे शेणखत’ आणि ‘कुजलेले शेणखत’. मुरताना ढिगाचे वजन जवळपास निम्म्यावर येते, हे आकड्यांच्या वाक्यात ध्यानात ठेवा. भारी चिकण जमिनीत कच्चे खत शरदात गाडत, जमीन मोकळी व्हायला मदत होई. हलक्या जमिनीत वसंतात कुजलेले देत, कारण कच्चे दिले तर माती पोकळ राहून ओल उडे आणि कुजताना काड जमिनीतलेच नत्र ओढून घेई.

शेतात गाडीतून पाच-सहा यार्डांवर छोट्या ढिगोऱ्या टाकत आणि मग काट्याने पसरत. पसरायला उशीर झाला तर पावसाने ढिगोरीखालीच रस मुरतो. मग उभ्या पिकात गडद हिरवे, लोळलेले ठिपके दिसतात. अशा ठिपक्यांचे वर्णन आले तर तो रोग समजू नका.

आजच्या इंग्लिश शेतीत मिक्सन शब्द जवळजवळ गेला. आता ‘फील्ड हीप’ म्हणतात. नत्र-संवेदनशील पट्ट्यांत, म्हणजे जिथे नत्र पाण्यात उतरण्याचा धोका आहे तिथे, नियम आहेत : ओढ्या-नाल्यापासून किमान १० मीटर, विहीर-झऱ्यापासून ५० मीटर, एका जागी १२ महिन्यांपेक्षा जास्त नाही, आणि त्याच जागी पुन्हा ढीग दोन वर्षांनंतरच. अशा आधुनिक मजकुरात ‘शेतातला खताचा ढीग’ पुरे. तिथे गायरी किंवा उकिरडा आणू नका.