कंपनीच्या परिषदेत सत्र रंगलं ते कशामुळे? तुमचे अनुभव सांगा

कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी एचआर बघते. यंदाची वार्षिक परिषद माझ्याकडे आली आहे. वक्ते चांगले मिळतात, तयारी करून येतात. तरी जेवणानंतरच्या सत्रात अर्धं सभागृह पेंगतं आणि उरलेलं मोबाईलमध्ये डोकं घालून बसतं. शिफ्ट सोडून आलेल्या माणसांचा वेळ असा जाताना बघवत नाही. सांगली-साताऱ्याकडच्या मंडळींनी आपापले अनुभव लिहा, परिषद असो, डीलर मीट असो की सेफ्टी वीक. माझा एक सांगते. मागच्या खेपेला नावनोंदणीच्या टेबलावर प्रत्येकाला कोरी चिठ्ठी दिली आणि विचारलं, "या विषयात तुमचं काय अडलंय?" वक्त्यांनी थेट चिठ्ठ्यांपासूनच सुरुवात केली, सत्कार-बित्कार शेवटी. आपली चिठ्ठी निघते का, या ओढीने लोक ऐकत राहिले.

फाउंड्रीतला माणूस, मिरज
कास्टिंगच्या, म्हणजे साच्यात धातू ओतून बनवलेल्या भागांच्या, दोषांवर सत्र होतं. दरवर्षीचाच विषय, तेच आलेख. या वेळचे वक्ते पोत्यातून रिजेक्ट झालेली, मधोमध कापलेली कास्टिंग घेऊन आले. प्रत्येक टेबलावर दोन-दोन तुकडे ठेवले आणि म्हणाले, "हे भोक कुठून आलं ते तुम्ही ठरवा. दहा मिनिटं." मग काय, जुंपली! वितळण विभागवाले वाळूवर ढकलतायत, सँड प्लांटवाले कोअर शॉपवर, म्हणजे साच्यात बसवायचा वाळूचा गाभा (कोअर) बनवणाऱ्यांवर. आमच्या टेबलावरच्या एका जुन्या मोल्डरकाकांनी भोकात बोट फिरवलं आणि म्हणाले, "आतून गुळगुळीत हाय, चकाकतंय. ह्यो गॅस." दुसरा तुकडा चाचपला तर आत खरखरीत, दातेरी. "हितं धातू आकसताना वरनं भर मिळाली नाही. रायझर कमी पडला." (रायझर म्हणजे धातू आकसताना जादा धातू पुरवणारा साच्यातला साठा.) वक्त्यांनी माईक सरळ काकांच्या हातात दिला. गॅस कशाने अडकला ते मग वक्त्यांनी समजावलं: कोअर नीट वाळला नव्हता आणि हवा जायच्या वाटा बुजल्या होत्या. स्लाइड एकच दाखवली, तीही शेवटी. माझ्या मते सगळी करामत त्या क्रमात होती. आधी तुकडा हातात, मग वाद, मग उत्तर. उत्तर आधी सांगितलं असतं तर काकांनी तोंड उघडलं नसतं.

डीलर, कराड
ठिबकच्या कंपनीची डीलर मीट. खुर्च्या लग्नाच्या हॉलसारख्या रांगेत न लावता गोल टेबलं मांडली होती. प्रश्नोत्तरं शेवटी न ठेवता दर पंधरा मिनिटांनी थांबायचं. एवढ्याने फरक पडला.

हौशी नट, सांगली
विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीतास्वयंवर' इथेच रंगमंचावर आणलं, त्यामुळे आमच्या गावात तालमीचं महत्त्व कुणाला पटवावं लागत नाही. कंपन्यांच्या परिषदेत मात्र वक्ता आयत्या वेळी स्टेजवर चढतो आणि "हॅलो, आवाज येतोय का?" यात पाच मिनिटं घालवतो. आम्ही आमच्या कारखान्यात आदल्या संध्याकाळी वक्त्यांना रिकाम्या हॉलमध्ये उभं करतो. माईक, क्लिकर, शेवटच्या रांगेतून अक्षरं दिसतात का, सगळं तपासतो. आणि प्रेक्षकांतले दिवे अजिबात मालवत नाही. नाटकात अंधार हवा, पण इथे वक्त्याला चेहरे दिसलेच पाहिजेत. चेहरे दिसले की कुठे थांबायचं ते त्याला आपोआप कळतं.

इंजिनिअर, सातारा
पेचकुचा करून बघा. 20 स्लाइड, प्रत्येकी 20 सेकंद, म्हणजे 6 मिनिटं 40 सेकंदांत खेळ खलास. टोकियोत 2003 साली सुरू झालेला प्रकार आहे. नव्या पोरांनी केलेल्या सुधारणा मांडायला झकास, पण आकडेमोडीच्या विषयाला अजिबात घेऊ नका.

प्रेस शॉप, सातारा एमआयडीसी
4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. त्या आठवड्यात बाहेरच्या पाहुण्यांऐवजी आमच्यातलेच एक दादा बोलले. पूर्वीच्या नोकरीत प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर, त्यांच्या बोटाचं पेर गेलंय. प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्यावरच चालावी, अशी सोय असते. दादांनी टेबलावर बटणांचा डबा ठेवला, एका बटणाला रबराची पट्टी आवळली आणि दुसरं एका हाताने दाबत राहिले. खट्, खट्, खट्. "हे कुणी केलंय?" सगळे गप. कुणावर कारवाई होणार नाही, असं प्लांट हेडसाहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, पण भरवसा कोण ठेवणार? शेवटी आमच्या सुपरवायझरनीच पहिला हात वर केला. मग एकेक करत हात वर आले. पुढचा तासभर फक्त आम्हीच बोलत होतो: कोणत्या मशीनवर, कोणत्या शिफ्टला, टार्गेट किती असलं की पट्टी लागते. मेंटेनन्सवाले लिहून घेत होते. जुन्या प्रेसवर आता असं सर्किट बसवलंय की दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत बरोबर दाबली नाहीत तर प्रेस खालीच येत नाही. ताई, तुमच्या परिषदेत एक सत्र घरच्या माणसाला द्या, आणि साहेबांचा शब्द आधी घ्या, तोही सगळ्यांसमोर.